छातीवरची थाप

बाबा पडले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते, त्यामुळे काय झालं ते मला नक्की माहीत आहे. आईने नुकतंच अंगण धुतलं होतं. बाबा बाजारातून आले, मेथीची पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि रोजच्यासारखी दोन्ही तळव्यांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. धप, धप. कुत्रा दारातून सुटला तो थेट त्यांच्या अंगावर, पुढचे दोन्ही पाय खांद्यांवर. सात वर्षं हे रोज चाललं होतं. त्या दिवशी फक्त लादी ओली होती.

हा खेळ बाबांनीच त्याला शिकवलेला. ते रिटायर झाले त्या वर्षीच्या थंडीत आमच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या रिक्षाखाली, हे पिल्लू सापडलं होतं. गावठी, तांबूस, छातीवर पांढरा डाग. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण बाबांनी ते आमच्या एका नातेवाइकाचं ठेवलंय आणि त्या नातेवाइकाला ते अजून माहीत नाही. बाबांना आयुष्यात कुणाला जवळ घेताना मी पाहिलं नव्हतं. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा त्यांनी पेन दिलं आणि म्हणाले, "आता पुढचं बघ." आणि हाच माणूस रोज सकाळी दारात उभा राहून कुत्र्याला गळ्यात घ्यायचा. "गळाभेट" म्हणायचे ते त्याला. पाहुण्यांसमोर तर दोनदोनदा करून दाखवायचे. मला कधीकधी रागच यायचा, खोटं कशाला बोलू.

शेजारचे काका आणि मी मिळून त्यांना गाडीत घातलं. मागच्या सीटवर बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. चेहरा पांढराफटक, पण आवाज नेहमीचाच, हुकमी. म्हणाले, "माझाच पाय घसरला. त्याचं नाव काढायचं नाही. तुझ्या आईसमोर तर मुळीच नाही." मी म्हटलं, "बरं." आई पुढे बसली होती आणि एकसारखं म्हणत होती, मी कशाला आज एवढ्या लवकर अंगण धुतलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून बॉल बसवला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "तीन महिने वॉकर. या काळात परत पडले तर बॉल निखळेल, आणि या वयात दुसरं ऑपरेशन झेपेल असं मला वाटत नाही. मग अंथरुणच." आईने मान हलवली. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, "हे घरी आले की तो घरात नको."

"कोण?" मी विचारलं, माहीत असून.

"उड्या मारतो ह्यांच्या अंगावर. एक उडी पुरे आहे."

तिने तिथूनच कळवणला मामाला फोन लावला. मामाचा मळा आहे, कांद्याची चाळ आहे, त्याला राखणीला कुत्रा हवाच असतो. फोन स्पीकरवर होता. मामा म्हणाला, "आण की. नाय कोण म्हणतंय. मला पायजेच हाय. मागचे दोन बिबट्याने नेले." त्याने हे इतकं सहज सांगितलं की मला क्षणभर कळलंच नाही. आमचा कुत्रा सात वर्षं बाबांच्या जुन्या स्वेटरवर झोपलेला. फटाका वाजला तर मोरीत जाऊन बसतो. तो बिबट्यासमोर काय उभा राहणार?

मी आईला म्हटलं, "बाबांना सोडायला अजून नऊ दिवस आहेत. नऊ दिवसांत मी त्याला दारात बसायला शिकवते. नाही बसला तर मी स्वतः मामाच्या गाडीत चढवून देईन." आई म्हणाली, "बघ बाई. आणि ह्यांना यातलं काही सांगू नकोस. मी त्याला पाठवायला निघाले होते हे कळलं तर आयुष्यभर ऐकवतील." असं दोघांनी एकेक गुपित माझ्या गळ्यात बांधलं. मी शाळेतून रजा काढली.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पन्नास पोरं एका नजरेत गप्प करते, असा माझा लौकिक आहे. एका कुत्र्याला खाली बसवायचं म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. पहिल्या दोन दिवसांत त्याने माझ्या नाकी नऊ आणले. त्याला बाजरीच्या भाकरीचं वेड आहे, विशेषतः कडक पापुद्र्याचं, म्हणून मी भाकरीचा तुकडा हातात धरून उंच करायचे आणि म्हणायचे, "बस." तो बसायचा कसला, तुकड्यासाठी सरळ माझ्या खांद्यापर्यंत उडी मारायचा. दोन्ही हातांवर ओरखडे. तिसऱ्यांदा त्याने माझा चष्मा पाडला तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी त्याला एक ठेवून दिली. तो केकाटला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला आणि मग बाबांच्या कॉटखाली जाऊन बसला, संध्याकाळपर्यंत. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नाही. याला काय माहीत, मी हे कुणासाठी करतेय.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंना हे सगळं दिसायचं. "काय मॅडम, विद्यार्थी कच्चा आहे का?" त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, "शिक्षिकाच कच्ची आहे, काकू."

मग मी मोबाइलवर बघून बघून थोडी अक्कल मिळवली. ओरडायचं नाही. एका वेळी दहाच मिनिटं. तुकडा उंच धरायचा नाही, नाकाला लावून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा, म्हणजे मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकतं. चौथ्या दिवशी सकाळी ते टेकलं. मी त्याला तुकडा दिला आणि चक्क त्याच्यापुढे फतकल मारून बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दुपारी भाकऱ्या करताना तिने एक जास्त थापली.

पण "बस" म्हटल्यावर बसणं पुरेसं नव्हतं. बाबा "बस" म्हणणार नव्हते. बाबा छातीवर थाप मारणार होते. मी त्यांना ओळखते. इतके दिवस कुत्र्याचं तोंड न पाहिलेला माणूस, डॉक्टर काहीही सांगोत, दारात आल्या आल्या तेच करणार. दवाखान्यात मला रोज पहिला प्रश्न तोच, "जेवतो का तो?" आणि एकदा म्हणाले, "मी येईन तेव्हा त्याला बांधून ठेवू नका हं. दारात पाहिजे मला तो." तसंही तीन महिने बांधून ठेवणार कसं? बांधलं की तो गळा दाबला जाईपर्यंत ओढत राहतो.

म्हणजे उपाय एकच होता. छातीवरच्या थापेचा अर्थच बदलायचा. थाप पडली की बसायचं.

मी बाबांचा स्वेटर घातला. भाड्याने आणलेला वॉकर समोर घेतला, फाटकापासून दारापर्यंत ठकठक करत आले आणि छातीवर थाप मारली. त्याने उडी मारली. मी पाठ फिरवली, तुकडा नाही. परत फाटकापाशी, परत ठकठक, परत थाप, परत उडी, परत पाठ. त्याला काहीच कळेना. सात वर्षं ज्या गोष्टीसाठी त्याचं कौतुक झालं, तीच केली की माणूस पाठ फिरवतोय. तो माझ्याभोवती फिरून माझ्या तोंडाकडे बघायचा. मला ते बघवत नव्हतं, पण मी करत राहिले. सहाव्या दिवशी संध्याकाळी थाप पडली आणि तो बसला. हळूच, घाबरत, कान मागे टाकून. मी त्याला अर्धी भाकरी दिली.

सातव्या दिवशी परीक्षा. शेजारचे काका बाबांच्याच वयाचे, बाबांच्याच उंचीचे. त्यांना मी स्वेटर घातला, हातात वॉकर दिला आणि सांगितलं, "दारात आलात की छातीवर दोनदा थाप मारा." काका हौशी. अगदी लंगडत आले. थाप मारली, आणि कुत्रा असा उडाला की काका वॉकरसकट फाटकावर आदळले. लागलं नाही त्यांना, नशीब. पण आई दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. आत गेली आणि मामाला फोन करून म्हणाली, "परवा दुपारी गाडी पाठव." परवा म्हणजे बाबा येणार तोच दिवस.

मी अंगणात बसून राहिले. चूक कुठे झाली ते कळायला मला तास लागला. माझ्या मुठीत भाकरी असायची, काकांच्या मुठीत नव्हती. तो थापेला बसत नव्हताच, भाकरीला बसत होता. आणि बाबा काही दवाखान्यातून मुठीत भाकरी घेऊन येणार नव्हते. मग उरलेला दीड दिवस मी रिकाम्या हाताने काम केलं. भाकरी आत डब्यात झाकून ठेवायची, थाप मारायची, बसला की खूप वेळ थांबायचं, आणि मग आत जाऊन आणून द्यायची. शेवटच्या दिवशी अकरा वेळा केलं. नऊ वेळा बसला. दोन वेळा उडी. आईला मी म्हटलं, "उद्या दारात बघ. मग गाडीचं ठरव." ती म्हणाली, "गाडी तर येतेच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका बाबांना आणायला दवाखान्यात गेले. मी अंगणाची लादी फडक्याने कोरडी करत होते. आत आईचा भाकरी थापण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

भाकरतुकडा. आमच्याकडे माणूस दुखण्यातून उठून घरी आला की उंबऱ्याबाहेर त्याच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात. सगळ्यांकडे टाकतात. मी लहानपणापासून बघत आलेय, आणि नऊ दिवसांत ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. बाबांच्या डोक्याभोवती, उंच धरलेल्या हातात, बाजरीची भाकरी फिरणार होती. हाच तुकडा उंच धरला की हा प्राणी खांद्यापर्यंत उडी मारतो, त्याचे ओरखडे अजून माझ्या हातावर होते.

"आई, पोळीचा तुकडा घे," मी म्हटलं.

"का?"

"भाकरी दिसली की तो उडी मारेल."

"माझा माणूस मरणाच्या दारातून येतोय आणि मी त्याच्यावरून पोळी ओवाळू? भाकरतुकडा म्हणतात त्याला. पोळीतुकडा नाही म्हणत."

"मग नको ओवाळूस."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. ती म्हणाली, "नऊ दिवस शिकवतेयस ना? मग शिकलाय की नाही ते कळेलच." तेवढ्यात काकांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

कुत्र्याने आवाज ओळखला नाही, पण फाटक उघडलं तसा त्याला वास आला असावा. तो ताठ झाला. शेपटी आधी हलली आणि मग हलायची थांबली. मी त्याच्या शेजारी उंबऱ्यात उभी राहिले आणि "बस" म्हटलं. बसला. सगळं अंग थरथरत होतं. घशातून बारीक आवाज काढत होता. बाबा गाडीतून उतरले. दवाखान्यात निम्मे झाले होते. वॉकर पुढे टाकायचे, मग एक पाय, मग दुसरा. काका एका बाजूने. फाटकापासून दारापर्यंत पंधरा पावलं असतील, मी ती एकेक मोजली. बाबा वर बघत नव्हते. पायाकडे बघून चालत होते, याआधी मी त्यांना असं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

उंबऱ्यापुढे ते थांबले. आई पुढे झाली. तिने तुकडा वर धरला आणि त्यांच्या डोक्याभोवती फिरवला. एकदा. कुत्र्याची मान तुकड्याबरोबर फिरली. दोनदा. त्याचं बूड जमिनीवरून उचललं गेलं. मला "थांब" म्हणायचं होतं, पण ओरडले असते तर बाबाच दचकले असते. तीनदा. तो अर्धा उभा होता, मागचे पाय ताणलेले, उडी मारण्याआधी असतात तसे. आईचा हातही मध्येच थबकला, तिनेही ते पाहिलं. मग तिने तुकडा बाबांच्या मागे, फाटकाच्या दिशेने फेकला. तुकडा त्यांच्या कानाजवळून गेला. त्याच्यामागे जायचं तर वॉकरमधूनच जावं लागलं असतं.

कुत्रा खाली बसला.

तो तुकड्याकडे बघत बसला, लाळ गळत होती, पण बसला. आईच्या हातात तांब्या तसाच होता. एरवी ती पाणी तिथेच ओतते. ती चार पावलं बाजूला गेली आणि तांब्या कुंडीत रिकामा केला. मी मनात म्हटलं, जिंकलो.

आणि मग बाबांनी वर पाहिलं. कुत्र्याला पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी वॉकरवरचे दोन्ही हात काढले. काका "अहो, अहो" म्हणत पुढे झाले. बाबांनी छातीवर थाप मारली. धप, धप.

कुत्रा हलला नाही. मागचे पाय घट्ट टेकवून, कान मागे टाकून तो बसून राहिला आणि माझ्याकडे पाहिलं. बाबांनी परत थाप मारली. या वेळी हळू, एकदाच. कुत्रा आणखी खाली गेला, जवळजवळ झोपलाच, आणि तोंड फिरवलं. काकांनी बाबांचे हात धरून परत वॉकरवर ठेवले.

"ओळख विसरला वाटतं," बाबा म्हणाले, आणि उंबरा ओलांडून आत गेले.

मला तिथेच सगळं सांगून टाकायचं होतं. पण आई माझ्याकडे बघत होती, काका होते, आणि बाबांची पाठ दिसत होती. आईने आत जाऊन मामाला फोन केला, "गाडी परत वळव, गरज नाही." मी डब्यातून भाकरी काढली आणि कुत्र्याला दिली. त्याने हुंगली आणि तशीच ठेवली.

बाबा परत पडले नाहीत. तीन महिन्यांनी वॉकर गेला, काठी आली. कुत्रा त्यांच्या पायाशी बसायचा, बरोबर फाटकापर्यंत जायचा, सगळं पहिल्यासारखं. फक्त बाबांनी त्याला कधी बोलावलं नाही. एकदा मी शाळेतून लवकर आले तर ते अंगणात एकटेच होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, इकडेतिकडे पाहिलं आणि छातीवर एक थाप मारली. कुत्रा लगेच बसला. बाबांनी काठी उचलली आणि आत गेले. मी फाटकाबाहेरच थांबून राहिले. मी सांगत नव्हते, कारण सांगायचं म्हणजे, तुम्ही पडाल याची आम्हाला खात्री होती, हे त्यांच्या तोंडावर बोलायचं. आणि आईचं गुपित होतंच. पण त्या संध्याकाळी मी ठरवलं, आता सांगायचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कट्ट्यावर चहा घेत होतो. आई आत होती. मी सगळं सांगितलं. स्वेटर, वॉकर, पाठ फिरवणं, काका फाटकावर आदळले ते, मामाची गाडी, बिबट्या, सगळं. बाबा ऐकत राहिले. चहा गार झाला.

"म्हणजे थापेला बसायचं, असं तू शिकवलंस," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, मी पडलो ते त्याने पाहिलं. त्याचा भरवसा उडाला माझ्यावरचा."

"चार महिने तुम्हाला हे वाटतंय?"

"मग काय वाटणार? आधी सांगायचं नाही का, गाढवे."

त्यांचा आवाज जरा फाटला. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि दारात झोपलेल्या कुत्र्याकडे पाहिलं.

"किती दिवस लागले शिकवायला?"

"नऊ."

"आणि कशावर शिकवलंस?"

"बाजरीच्या भाकरीवर."

त्यांनी काठी बाजूला ठेवली, कट्ट्यावर नीट मागे सरकून बसले आणि पाठ भिंतीला घट्ट टेकवली.

"आता बसूनच शिकवतो. जा, तुकडा आण."

डब्यात कालची अर्धी भाकरी होती. मी सगळीच घेऊन आले.